कट्टा समजून चव्हाट्यावर

प्रश्न असा आलाय: “वडिलांचा गुळाचा व्यापार आता मी बघते, मार्केट यार्डात दुकान आहे. दोन महिन्यांपूर्वी ट्विटरवर खातं उघडलं. 41 फॉलोअर झाले, त्यातले निम्मे नातेवाईक. उघडलं की नुसती भांडणं दिसतात. धाकटा भाऊ तर दिवसभर तिथं कुणाकुणाशी वाद घालत असतो. लोक हे नेमकं कशासाठी वापरतात, कुठं चुकतात, आणि मी राहू की बंद करू?”

ताई, बंद करायची घाई नको. मी 2009 पासून तिथं आहे. तेव्हा वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो, आता संस्थांची आणि दुकानांची खाती सांभाळतो, घर त्यावरच चालतं. जुलै 2023 मध्ये मालकानं त्याचं नाव एक्स केलं, पण माझ्या तोंडात अजून ट्विटरच बसलंय, तेवढं चालवून घ्या.

आपल्या कोल्हापुरात प्रत्येक पेठेला एक कट्टा असतो. तालमीच्या दारात, रंकाळ्याच्या काठाला, नाहीतर चहाच्या गाड्याशेजारी. कट्ट्यावर माणूस समोरच्याला बघून बोलतो. त्याचा स्वभाव माहीत, घरची अडचण माहीत. “गाढवा, तुला काय कळतंय” म्हटलं तरी नंतरचा चहा त्यानंच पाजायचा असतो. ट्विटर दिसायला या कट्ट्यासारखं आहे, म्हणून आपण तसंच बोलतो. पण तो चव्हाटा आहे. तुमचं वाक्य जो वाचणार, त्याला तुम्ही ठाऊक नाही, तुमचा सूर ठाऊक नाही, मागच्या दहा मिनिटांत काय बोलणं झालं तेही ठाऊक नाही. मी आजवर जेवढे गैरवापर बघितले, त्यातले बहुतेक या एका गैरसमजातून आलेत. मुद्दाम दुष्टपणा करणारी माणसं असतात, पण मोजकी. बाकी सगळे कट्टा समजून चव्हाट्यावर बोललेले.

डिसेंबर 2013 मधली गोष्ट आहे. लंडनहून केपटाउनच्या विमानात बसायच्या आधी एका बाईनं आफ्रिका आणि एड्सवरून एक वाईट विनोद टाकला. फॉलोअर होते 170, म्हणजे एका लहान हॉलमध्ये बसतील एवढे. अकरा तासांनी विमान उतरलं तोवर जगभर तिच्या नावानं शिमगा सुरू होता आणि नोकरी गेल्यात जमा होती. विनोद वाईटच होता. पण 170 ओळखीच्यांसाठी लिहिलेलं वाक्य लाखो अनोळखी लोकांसमोर गेलं की त्याचं काय होतं, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. तुमच्या भावाचे फॉलोअर किती आहेत ते विचारा. कमी असतील तर तो त्यावरच निर्धास्त असणार.

आता जागेबद्दल. सुरुवातीला 140 अक्षरांची मर्यादा होती ती एसएमएसमुळं. एसएमएस 160 अक्षरांचा, त्यातली वीस नावासाठी राखली, उरली 140. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याची 280 झाली. पैसे भरणाऱ्यांना आता लांबलचक लिहिता येतं, पण मी गिऱ्हाइकांना 280 मध्येच बसवायला लावतो. मराठीत ही जागा दिसते तेवढी नसते. आपण “कोल्हापूर” चार अक्षरांत मोजतो. यंत्र काना, मात्रा, ऊकार, पाय मोडल्याची खूण सगळं वेगळं मोजतं, म्हणजे नऊ. “क्ष” एकटा तीन जागा खातो. त्यामुळं मराठीत लिहिणाऱ्याला इंग्रजीवाल्यापेक्षा जास्त छाटावं लागतं, आणि छाटताना पहिल्यांदा काय जातं? “बहुधा”, “माझ्या माहितीप्रमाणं”, “चूक असेल तर सांगा”. सौम्य करणारे शब्दच आधी उडतात. उरतं ते आज्ञार्थी, खडबडीत वाक्य. भांडणाचं निम्मं कारण तिथं आहे असं माझं मत. मी उलटं करतो: विशेषणं उडवतो, “बहुधा” ठेवतो.

चांगला वापर म्हणाल तर आपल्या शहरानं तो 2019 च्या ऑगस्टमध्ये बघितला. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट, धोका पातळी 43. त्या वेळी पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, शहरात पेट्रोलची आणि पिण्याच्या पाण्याची मारामार, गावंच्या गावं पाण्यात. फोन लागत नव्हते, पण कुठंतरी नेटचा एक दांडा मिळायचा आणि तेवढ्यात एक छोटा मजकूर निघून जायचा. पुण्या-मुंबईतली आपली पोरं तो उचलायची, यंत्रणांच्या खात्यांना जोडायची, बोट कुठं लागली ते परत सांगायची. आम्ही आठ-दहा जण एका मित्राच्या ऑफिसात बसून हेच निवडत होतो.

घोळही तिथंच कळला. “चिखलीत माझे आईवडील अडकलेत, मदत करा, नंबर हा” असा मजकूर आला. तारीख नाही, वेळ नाही, गल्ली नाही. लोकांनी चांगल्या मनानं तो पुढं ढकलला. आम्ही त्या नंबरावर फोन केला तेव्हा कळलं की आजी-आजोबा दोन दिवसांपूर्वीच निवारा केंद्रात पोचलेत आणि त्यांचा मुलगा फोन घेऊन घेऊन रडकुंडीला आलाय. तो म्हणाला, “साहेब, तीनशे फोन आले, बॅटरी संपली, भावाचा फोन लागेना.” त्या मजकुरामागं धावण्यात खऱ्या अडकलेल्यांचा वेळ गेला. तेव्हापासून माझा नियम आहे, पुरात लिहायचं तर आधी तारीख आणि वेळ, मग गाव, गल्ली, ओळखीची खूण, माणसं किती, त्यात आजारी किंवा लहान मूल आहे का. काम झालं की मूळ पोस्ट पुसायची. हे शेवटचं कुणी करत नाही. लिहिण्याची हौस सगळ्यांना, पुसायचा कंटाळा.

मग 2021 चा जुलै. परत पूर, परत महामार्ग बंद. या वेळी चूक माझ्या हातून झाली. धरणाच्या दरवाजांतून पाणी फेसाळत कोसळतंय असा व्हिडिओ आला, “राधानगरीतून लाखभर क्युसेक सोडलं, नदीकाठच्यांनी पळा”. रात्रीचे साडेअकरा, डोळे तारवटलेले, मी दाबलं बटण. दहा मिनिटांत एका जुन्या पाटबंधारेवाल्या काकांचा फोन: “अरे, राधानगरीला स्वयंचलित दरवाजे सात. एकातून सुटतं 1428 क्युसेक. सातांचा गुणाकार कर.” केला. दहा हजारसुद्धा होत नाहीत. लाखातले आकडे असतात आलमट्टी धरणाचे. वीस वर्षं बातम्या तपासणारा माणूस मी, आणि एक गुणाकार केला नाही. पोस्ट पुसली, चूक झाल्याचं लिहिलं. मूळ पोस्ट पाचशेजणांनी पुढं नेली होती, चूक कबूल केलेली पंधरा-वीसजणांनी.

हे माझ्यापुरतं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2006 ते 2017 या काळातल्या ट्विटरवरच्या सव्वा लाखाच्या आसपास खऱ्या-खोट्या गोष्टी तपासल्या आणि 2018 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलं. खोटी बातमी पुढं ढकलली जायची शक्यता खरीपेक्षा 70 टक्के जास्त. दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खरीला खोटीच्या सहापट वेळ लागला. आणि हा फरक आपोआप चालणाऱ्या यंत्रांच्या खात्यांमुळं पडला नव्हता, माणसांमुळं पडला होता. खोट्यात नवलाई असते. “पाणी 41 फुटांवर स्थिर” यात कुणाला काय सांगण्यासारखं? “धरण फुटलं” म्हटलं की हात आपोआप बटणाकडं जातो.

त्या बटणाबद्दल एक सांगायला हवं. सुरुवातीला दुसऱ्याचं ट्विट पुढं न्यायचं तर नक्कल करून, पुढं आरटी, म्हणजे रिट्विट, असं लिहून, स्वतः चिकटवावं लागायचं. तेवढ्या खटपटीत माणूस ते वाचायचा तरी. 2009 मध्ये बटण आलं. ज्यानं ते बनवलं त्या ख्रिस वेदरेलनं दहा वर्षांनी कबूल केलं की चार वर्षांच्या पोराच्या हातात भरलेलं हत्यार दिल्यासारखं ते झालं असावं. 2015 पासून दुसऱ्याची पोस्ट आपल्या शेऱ्यासकट लावता येऊ लागली, आणि चव्हाट्यावर टोमण्यांचा बाजार भरला. तुमचा भाऊ बहुतेक हेच करत असणार: कुणाचं तरी वेडगळ वाक्य पकडायचं, वर “काय अक्कल!” लिहायचं. यात फायदा होतो वेडगळ लिहिणाऱ्याचा. कुणाला काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या यंत्राला राग आणि कौतुक यातला फरक फारसा कळत नाही, लोक थांबतायत, उत्तर देतायत एवढं दिसतं, आणि ते वाक्य आणखी दहा हजारांपुढं जातं. काहीजण तर मुद्दाम वेडगळ लिहितात. पैसे भरलेल्या मोठ्या खात्यांना आता त्या गर्दीचा वाटा मिळतो, म्हणजे तुमच्या भावाच्या संतापावर दुसऱ्याच्या घरात दिवा लागतो.

चपलेचं उदाहरण घ्या, त्यात उपयोग आणि गैरवापर दोन्ही एकाच आठवड्यात दिसले. जून 2025 मध्ये मिलानमधल्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं सरळसरळ आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या, आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इथल्या लोकांनी दोन फोटो शेजारी शेजारी लावले. फार काही लिहिलं नाही, लिहायची गरजच नव्हती. ते एवढं पसरलं की कंपनीला महाराष्ट्र चेंबर या व्यापारी संघटनेला पत्र लिहून भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य करावं लागलं. जुलैत त्यांची माणसं इथं येऊन कारागिरांना भेटली, आणि वर्षअखेरीला महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. चामडं कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या हातांचं नाव जगभर निघालं, ते दोन फोटोंमुळं. एरवी मोर्चे काढूनसुद्धा मिलानपर्यंत आवाज गेला नसता.

त्याच आठवड्यात दुसरंही चाललं होतं. “कोल्हापुरी फक्त आमची, कर्नाटकवाल्यांनी गप्प बसावं” म्हणून सीमाभागातली जुनी भांडणं उकरून निघाली. खरं काय आहे? कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते आठ जिल्ह्यांना मिळून आहे. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. हे वाक्य 280 अक्षरांत आरामात बसतं. मी टाकलं, पण फार कुणी फिरकलं नाही. नाद खुळा असला की आकडा कोण ऐकतो.

या रागाची दुसरी टोकाची पायरी आपण जून 2023 मध्ये भोगली. ते ट्विटरवरचं नव्हतं, काही पोरांच्या मोबाइलवरच्या स्टेटसचं होतं, पण रोग तोच. त्यावरून 7 तारखेला शहरात बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. ज्या दुकानदारांच्या काचा फुटल्या त्यातल्या बऱ्याचजणांनी तो स्टेटस बघितलासुद्धा नसेल. भावाला एवढं सांगा की ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं तर शिक्षा करणारं आयटी कायद्यातलं 66 ए कलम सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2015 मध्ये रद्द केलं म्हणून ऑनलाइन काहीही लिहिलं तरी चालतं, हा मोठा गैरसमज आहे. बदनामीचं कलम आहे, समाजात तेढ वाढवण्याचं कलम आहे, दोन्ही नव्या न्याय संहितेतही आहेत. आणि पुसून टाकलं तरी कुणीतरी स्क्रीनशॉट काढलेला असतोच.

खात्याच्या नावापुढच्या निळ्या खुणेचं थोडक्यात. पूर्वी ती मिळायची ओळख तपासून. नोव्हेंबर 2022 मध्ये ती पैशावर मिळू लागली आणि त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या नावानं कुणीतरी खोटं खातं काढून “इन्सुलिन आता फुकट” असं लिहिलं. कंपनीला माफी मागत खुलासा करावा लागला. आता निळी खूण म्हणजे त्या माणसानं पैसे भरलेत, एवढंच धरा. सरकारी खात्यांना करडी, संस्थांना सोनेरी असते, ती थोडी भरवशाची.

व्यापाऱ्यांना याचा चटका वेगळ्या जागी बसतो, म्हणून जरा थांबून सांगतो. बँकेत पैसे अडकले की आपण रागानं बँकेच्या नावे ट्विट करतो, खाली मोबाइल नंबर टाकतो. पाच मिनिटांत “मदत कक्ष” असं नाव, बँकेचंच चिन्ह, गोड मराठी: “आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व, या लिंकवर माहिती भरा.” ते बँकेचं नसतं. अशा तक्रारी शोधत बसणाऱ्या टोळ्या आहेत. माझ्या ओळखीच्या एका हार्डवेअरवाल्याचे यात बावन्न हजार गेले. रेल्वेच्या तक्रारीत पीएनआर उघड टाकणंही तसलंच. तक्रार जरूर करा, चव्हाट्यावर तक्रार ऐकली जाते हा या माध्यमाचा खरा उपयोग आहे, पण नंबर, खाते क्रमांक, पावती काहीही उघड नको. उत्तर आलं तर त्या खात्याचं मूळ नाव आणि ते कधी उघडलंय ते बघा. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

आता तुमचं. तुम्हाला भांडणं दिसतात, कारण उघडल्या उघडल्या जो कप्पा समोर येतो तो यंत्रानं तुमच्यासाठी भरलेला असतो. भांडणावर तुम्ही चार सेकंद थांबलात की ते त्याला आवड वाटते. ट्विटरवरच निवडक खात्यांची यादी बनवा. गुळाचे आणि साखरेचे भाव सांगणारे, हवामानवाले, शेतीतले अभ्यासक, दोन-तीन गुजरातचे व्यापारी, जिल्हा प्रशासन. चाळीस खाती पुरे. यादी खाजगी ठेवली की कुणाला कळतही नाही. सकाळी सौद्याला जायच्या आधी फक्त ती यादी वाचायची. जे शब्द बघून डोकं फिरतं ते गप्प करायच्या, म्हणजे म्यूटच्या, सोयीत टाका, पक्षांच्या आणि पुढाऱ्यांच्या नावांपासून सुरुवात करा, घरात शांतता वाटेल.

फॉलोअर विकत घेऊ नका. “हजाराला पाचशे रुपये” म्हणणारे तुम्हालाही भेटतील. ती खाती गूळ खात नाहीत. हॅशटॅग एक, फार तर दोन. आणि ते जोडून लिहा, मध्ये जागा सोडली की हॅशटॅग तिथंच तुटतो. महापूर चालू असताना त्याच्या हॅशटॅगखाली गुळाची जाहिरात घुसवणारे मी बघितलेत. लोक ते विसरत नाहीत, मीही विसरलेलो नाही.

लिहायचं काय? जे तुम्हाला रोज दिसतं आणि गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही, ते. चुलवाणावरची काहील म्हणजे रस आटवायची मोठी कढई, मळी काढणारा गुळव्या, रस साफ करायला टाकलेलं भेंडीचं पाणी, रवा म्हणजे गुळाची ढेप साच्यातून निघताना. नमुना देतो:

“पिवळाधमक गूळ दिसला की लोक उचलतात. तो रंग बहुधा हायड्रॉस पावडरीचा असतो. हा रवा बिनपावडरीचा, म्हणून काळपट. आधी चव बघा, मग रंगाचं बोलू.”

मोजून बघा, 280 च्या आत आहे, आणि “बहुधा” जागेवर आहे. फक्त तो रवा खरंच बिनपावडरीचा असला पाहिजे. नसेल तर हे लिहू नका, कारण खाली कुणीतरी गुऱ्हाळवालाच येऊन विचारेल आणि तो चव्हाट्यावर विचारेल. सामूहिक टिपांचीही सोय आहे, आपल्याकडं एप्रिल 2024 पासून. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांना एखादी टीप बरोबर वाटली की ती पोस्टखाली चिकटते. गुळाच्या पोस्टला कोण टीप लावतंय म्हणाल, पण मी एका मसालेवाल्याला लागलेली बघितलीय. “शंभर टक्के” असं लिहिलं होतं त्यानं.

उत्तर द्यायला कंटाळू नका. 41 फॉलोअरमधल्या एकानं “किलो काय भाव?” विचारलं तर तासाभरात सांगा. सगळ्यांसमोर सांगा, इनबॉक्समध्ये बोलावू नका, भाव लपवला की लोकांना संशय येतो. शिवी आली तर एकदाही उत्तर नको. वाद आला तर एकदा, आकड्यासकट, आणि मग दुकान बघायचं. रात्री दहानंतर काही लिहायचं नाही, हा माझ्या घरातला 2021 पासूनचा कायदा आहे, बायकोनं केलेला.

भावाचं खातं बंद करायला लावू नका, ऐकणार नाही. त्याला वाद घालायची हातोटी आहे, म्हणजे वाचतो चांगलं आणि उत्तर पटकन सुचतं. महिनाभर दुकानाच्या खात्यावरची उत्तरं त्याला लिहू द्या, आधी तुम्हाला दाखवायची या अटीवर. दसऱ्यानंतर गुऱ्हाळं पेटतील. पहिल्या काहिलीचा तीस सेकंदांचा व्हिडिओ मोबाइल आडवा धरून काढा, वाफेत भिंग धुरकट होतं, म्हणून फडकं खिशात ठेवा. टाकलात की मला जोडा. माझ्या बाजाराच्या यादीत तुम्हाला आजच घातलंय.